रानातली कारागिरांची जत्रा : तुम्ही विचारलंत, ताई सांगते

यंदा थंडीत हरसूलकडच्या एका पाड्यावरच्या लोकांनी गावाबाहेर सागाच्या झाडांखाली कारागिरांची जत्रा भरवली. स्टेज नाही, फ्लेक्स नाही, सारवलेली जमीन आणि झाडाखाली बसून आपापलं काम करणारी माणसं. बुरूडकाम, वारली चित्रं, बोहाड्याची म्हणजे मुखवटे बांधून रात्रभर नाचायच्या उत्सवाची सोंगं, तारपा हे भोपळ्याचं फुंकवाद्य, पळसाच्या पत्रावळी, शिवाय नाशिकच्या गावठाणातून गेलेले तांबट आणि येवल्याचा एक विणकर. नाशिकहून बरीच मंडळी जाऊन आली आणि तेव्हापासून पत्रं आणि मेसेज यांचा नुसता पाऊस पडतोय, म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यावरच घेतलाय. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, जी छापलीत त्यात बाकीच्यांचंही उत्तर बहुतेक मिळून जाईल.

ताई नमस्कार. जत्रेत एक सूप घेतलं, साडेतीनशे रुपयांना. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगं लुटलं तुला, भद्रकालीत प्लास्टिकचं शंभराच्या आत मिळतं. मी भाव करायला हवा होता का? – एक वाचक, इंदिरानगर

अगं, नाही लुटलं. सासूबाईंचा राग मला कळतो, त्यांच्या लहानपणी सूप दारावर यायचं आणि पायलीभर धान्यावर मिळायचं, त्यामुळे साडेतीनशे ऐकून त्यांना धक्का बसणारच. पण ते सूप होतं कसं हे बघ आणि मग दोघी मिळून ठरवा.

आधी बांबू. कोणताही तोडून चालत नाही. पहिल्या वर्षाचा कोवळा बांबू वाळला की आकसतो आणि त्याला किडा पण लवकर लागतो, म्हणून बेटात शिरून तीन वर्षांच्या पुढचा, पिकलेला बघून तोडावा लागतो, आणि तोही पावसाळा सरल्यावर, थंडीत, कारण तेव्हा बांबूतला गोडवा कमी झालेला असतो आणि भुंगा त्या गोडव्यालाच येतो. मग तो खांद्यावर वाहून घरी आणायचा, कोयत्याने उभा चिरायचा, पेरांच्या गाठी तासायच्या, कामट्या काढायच्या, त्या कामट्यांच्या परत पातळ बेळ काढायच्या. बाहेरची हिरवी पाठ आणि आतला पांढरा गर वेगळा करतात, पाठीची बेळ चिवट असते ती जिथे जोर पडतो तिथे जाते आणि गराची मऊ असते ती बाकीच्या विणीत. जत्रेत ती मावशी बसली होती ना निळ्या लुगड्यातली, तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर चिंधी गुंडाळलेली बघितलीस का? बेळ त्या बोटावरून सरकत जाते आणि कोयत्याची धार तिच्या मागे. एवढं सगळं झाल्यावर विणायला सुरुवात. मागची बाजू उंच, पुढचा काठ पसरट आणि पातळ, कडेला जाड कामटी घालून बांधणी. यात बांबू आणायचा वेळ तर मी अजून धरलाच नाही.

आता प्लास्टिकचं सूप. त्यात तांदूळ पाखडून बघ. गुळगुळीत असल्यामुळे दाणे आणि कोंडा एकदमच पुढे घसरतात. बांबूच्या विणीला खरबरीतपणा असतो, जड दाणा मागे थांबतो आणि हलका कोंडा वाऱ्याबरोबर पुढून उडतो, सूप त्यासाठीच तर बनलंय. तेव्हा भाव केला नाहीस ते उत्तम केलंस.

सासूबाईंना एक विचार, त्यांना नक्की माहीत असेल: कागदाचा लगदा आणि भिजवलेली मेथी वाटून सुपाला आतून लिंपायची जुनी पद्धत. भेगा बुजतात आणि मेथीच्या कडूपणाने कीड लागत नाही. फ्लॅटमध्ये चूल नाही म्हणजे धुरावर टांगणं नाही, म्हणून महिन्यातून एकदा कडक ऊन दाखवायचं आणि ओलं झालं तर कपाटात अजिबात कोंबायचं नाही. एवढं केलं तर वर्षानुवर्षं जातं.

ताई, आम्ही पेठ तालुक्यातल्या आमच्या गावी अशीच जत्रा भरवायची ठरवतोय. मार्च-एप्रिलचा कुठलातरी वीकेंड, टेंट, रात्री शेकोटी आणि डीजे, म्हणजे मुंबई-पुण्याची पब्लिक येईल. जागा जंगलाला लागूनच आहे, एकदम भारी. परवानग्या काय लागतात आणि कारागीर कुठून बोलवायचे? – कॉलेजची पोरं, सध्या मखमलाबाद रोड

पोरांनो, गावासाठी काहीतरी करायचं तुमच्या मनात आलं याचा मला खरंच आनंद झालाय, म्हणून जरा मोठं उत्तर देते, शेवटपर्यंत वाचा.

सगळ्यात आधी तारीख बदला. मार्च-एप्रिल नाहीच. फेब्रुवारीच्या मध्यापासून आपल्याकडे वणव्याचे दिवस सुरू होतात, सागाची पानं गळून खाली थर झालेला असतो, गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, वन विभागाची माणसं वणवा अडवायला जाळरेषा काढत फिरत असतात आणि तुम्ही तिथे शेकोटी पेटवणार? एक ठिणगी उडाली तर डोंगर जातो, त्याच्याबरोबर त्याच कारागिरांचा बांबू जातो, पळस जातो, मोहाची फुलं वेचायची जागा जाते. राखीव जंगलात आग लावणं किंवा पेटती आग सोडून जाणं हा गुन्हा आहे ते तर आहेच. दुसरं कारण पाणी. तुमच्या तालुक्यात पाऊस एवढा पडतो की छत्री टिकत नाही आणि मार्च लागला की विहिरी तळाला जातात हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याच आया हंडे घेऊन जातात. त्यात बाहेरची तीन-चारशे माणसं आणली तर ती पिणार काय आणि गाव पिणार काय.

आणि तिसरं कारण, जे सहसा कोणी बघत नाही. भात-नागली काढून झाली की पेठ, सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला उतरतात. तुम्ही मार्चमध्ये जत्रा भरवाल आणि विणणारे हात दिंडोरीच्या बागेत असतील. म्हणून खळं उरकल्यानंतर आणि माणसं कामाला बाहेर पडायच्या आधी जो मधला वेळ असतो तो धरा. साधारण नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबर. बांबू तोडायचे दिवसही तेच, शेतं रिकामी, हवा छान, नदीला थोडं पाणी. नक्की तारीख मात्र तुम्ही कॉलेजच्या सुट्ट्या बघून ठरवू नका, कारागिरांना विचारून ठरवा.

परवानग्यांचं म्हणाल तर पहिली ग्रामसभा. पेठ तालुका पूर्णच्या पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला हक्क देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ पासून आहेत. ग्रामसभा म्हणजे सरपंचाची एक सही असं समजू नका, बायाबापड्यांसकट सगळ्यांसमोर उभं राहून सांगा की कोण येणार, किती येणार, पैसे कुणाला मिळणार, कचरा कोण उचलणार. एखाद्या आजीने म्हटलं की त्या टेकडीवर आमचा देव आहे तिथे गाड्या लावायच्या नाहीत, तर नाही लावायच्या. मग ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्याला अर्ज, स्पीकर लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी. जागेचा सातबारा बघा. जंगलाला लागून म्हणता ते लागून आहे की जंगलातच आहे हे वनरक्षकाला बरोबर नेऊन हद्दीचे दगड बघून पक्कं करा. माझं मत विचाराल तर गावठाणाजवळचं कुणाचं तरी भात कापलेलं शेत घ्या आणि त्या शेतकऱ्याला भाडं द्या.

डीजे काढून टाका. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, पण नियम बाजूला ठेवा. पावरी आणि संबळ ज्या रात्री ऐकायची त्या रात्री डीजे लावणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून त्याच्या ताटासमोर दार आपटणं. शेकोटी हवीच असेल तर गवत खरवडून काढलेल्या उघड्या जमिनीवर, एकच, बाजूला पाण्याचा ड्रम आणि ओली पोती, आणि विझल्यावर राखेत हात घालून बघेपर्यंत तिथून कोणी हलायचं नाही. लोहाराच्या भात्याला आणि कल्हईच्या भट्टीला पण हाच नियम. टेंटऐवजी घरांतून राहायची सोय करा, दर माणशी ठरलेले पैसे थेट त्या घरातल्या बाईच्या हातात.

कारागीर कुठून बोलवायचे म्हणता? बाहेर बघायच्या आधी आपल्याच गावात एक फेरी मारा. कणगी विणणारा म्हातारा असेल, पावसाळ्यात इरलं करणारं कोणी असेल, अंबाडीचा दोर वळणारा असेल, कोयत्यांना पाणी देणारा लोहार असेल, भिंतीवर लग्नाचा चौक काढणाऱ्या सवाशिणी असतील. या लोकांना कोणी कारागीर म्हणत नाही म्हणून ते तुमच्या यादीत नाहीत. त्यांच्याकडून स्टॉलचं भाडं घ्यायचं नाही, विक्रीत कमिशन घ्यायचं नाही, उलट दिवसाचं मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण द्यायचं. त्या दिवशी ते मजुरीला गेले असते तर जेवढे मिळाले असते त्याच्यापेक्षा मानधन कमी असेल तर बोलवूच नका. विकलेल्या मालाचे पैसे वेगळे, ते त्यांचेच.

बारीकसारीक दोन गोष्टी. घाट उतरल्यावर फोनला रेंज मिळत नाही, मग लोक क्यूआर कोड दाखवत उभे राहतात आणि पैसे जात नाहीत, आणि माल तसाच राहतो. नाशिक सोडायच्या आधी रोख काढून आणा असं आमंत्रणातच लिहा. आणि बायकांसाठी आडोशाच्या, पाणी असलेल्या संडासाची सोय झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

नमस्कार ताई. माझे वडील बुरूड काम करतात, पन्नास वर्षं झाली असतील. त्यांना दोन-तीन ठिकाणी असं बोलावलं. लोक येतात, व्हिडिओ काढतात, वडिलांना म्हणतात काका जरा परत करून दाखवा कॅमेरा लावतो, आणि काही न घेता जातात. वडील आता जायला नको म्हणतात. मी कंपनीत आहे, मला वाटतं त्यांनी बंद करू नये. काही सरकारी मदत आहे का? – एक मुलगा, दिंडोरी

दादा, तुझे वडील बरोबर आहेत आणि तूही बरोबर आहेस. पन्नास वर्षं काम केलेल्या माणसाला कोणी परत करून दाखवा म्हटलं तर त्याला राग यायलाच हवा. बांबूची बेळ काढताना लक्ष उडालं तर बोट कापतं, तिथे कॅमेऱ्यासाठी थांबा-चला होत नसतं. पुढच्या वेळी बोलावणं आलं की तू बोल, वडिलांना बोलायला लावू नको. मानधन किती, बसायला सावली कुठे, व्हिडिओ विचारून काढणार का, आणि कमीत कमी अमुक इतका माल आयोजक स्वतः विकत घेणार का, हे आधी ठरवून घे. माल उरला तर आयोजकाने घ्यायचा ही अट घालायला लाजू नको. घालून बघ, ज्यांना खरंच गरज आहे ते कबूल होतात.

सरकारी मदतीचं विचारलंस. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यात १८ व्यवसाय आहेत आणि टोपल्या-चटया-झाडू करणारे त्यात येतात. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की पुढचं दोन लाखांपर्यंत कर्ज. घरातल्या एकालाच मिळते, घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही, तू कंपनीत आहेस म्हणजे त्याची अडचण नाही. आधार कार्ड, त्याला जोडलेला मोबाईल आणि बँकेचं पासबुक घेऊन जवळच्या सीएससी केंद्रात जा, तिथे बोटाचा ठसा लागतो. आता इथे एक गोष्ट सांगते, बांबू काम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेतच नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, दहाही बोटं लावून बघायला सांग, एका बोटावर नाही म्हटल्यावर परत फिरायचं नाही. गावाकडून नोंद तपासली जाते म्हणून ग्रामपंचायतीत आधी सांगून ठेव. आणि कर्ज हवंच असं नाही, नुसती हत्यारं आणि ओळखपत्र घेऊन थांबलं तरी चालतं.

बांबू कुठून आणतात ते तू लिहिलं नाहीस. बांधावरचा, मालकीच्या जमिनीतला असेल तर बरं, २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, त्यामुळे तो तोडायला आणि वाहायला पूर्वीसारखं वन विभागाकडे जावं लागत नाही. जंगलातला असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू, आहे आणि सामूहिक हक्क मिळालेल्या गावात त्याचा निर्णय ग्रामसभा करते. तुमच्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याशी बोलून बांधावर चार बेटं लावून घेता आली तर वडिलांची पायपीट वाचेल, तीन-चार वर्षांत तोडीला येतात.

आणि तू कंपनीतून आल्यावर रविवारी त्यांच्याजवळ बसतोस का? बस. सगळं शिकायला नाही, निदान बांबू बघून पिकलेला कोणता ते ओळखायला शीक, ते पुस्तकात नाहीये.

ताई, जत्रेत लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा असे दोन मुखवटे आवडले, देवीचा आणि राक्षसाचा. हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावायचे आहेत. दोष वगैरे लागतो का? आणि आयोजकांनी बोहाडा दुपारी चारला दाखवला, जरा थोडक्यात आटपला असं वाटलं. – गंगापूर रोड

दोष बिष काही लागत नाही. एवढंच विचारून घ्या की मुखवटा विकायसाठी केलेला आहे की नाचवलेला आहे. विकायला केलेला असेल तर बिनधास्त लावा, करणाऱ्याला दोन पैसे मिळाले. कागदाच्या लगद्याच्या मुखवट्यात मेथीची पूड आणि डिंक घातलेला असतो, वजनाला हलका, कारण तो तोंडावर बांधून रात्रभर नाचायचं असतं. भिंतीला ओल असेल तिथे लावू नका, बुरशी धरते. नाचवलेलं जुनं सोंग मात्र कोणी कितीही पैसे देऊन मागितलं तरी घेऊ नये. एकेक सोंग एकेका घराच्या मानाचं असतं, बापाने नाचवलं मग मुलाने, मधल्या काळात ते पूजेत असतं. घरात आजारपण आलं, पैशाची नड आली की अशी सोंगं बाहेर येतात आणि परत कधी जात नाहीत.

चारच्या बोहाड्याबद्दल तुम्हाला जे वाटलं ते खरं आहे. बोहाडा रात्रीचा. होळीनंतर, चैत्र-वैशाखात, शेतात काम नसताना, टेंभ्याच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीवर. आधी गणपती येतो, सारजा म्हणजे सरस्वती येते, मग एकेक सोंग, आणि पहाटेकडे देवी आणि म्हसोबाची लढाई. त्या उजेडात मुखवट्याचे डोळे हलल्यासारखे दिसतात, लहान पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात. हे सगळं वीस मिनिटांत, उन्हात, प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर कसं होणार? आयोजकांचा हेतू चांगला होता, तरी माझं म्हणणं की जत्रेत मुखवटा कसा करतात ते दाखवा, रंगवणाऱ्याच्या शेजारी लोकांना बसवा, आणि बोहाडा ज्याला बघायचाय त्याला त्या गावच्या बोहाड्याच्या रात्री यायचं आमंत्रण द्या. मोखाड्याचा बोहाडा प्रसिद्ध आहे, पण आपल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या गावांतूनही होतो. जाल तेव्हा नारळ न्या, चप्पल कुठे काढायची ते विचारा, आणि सोंगाच्या तोंडावर फ्लॅश मारू नका, आतल्या माणसाला छिद्रातून आधीच कमी दिसतं.

ताई, वारली पेंटिंग हाताचं की छापील कसं ओळखायचं? मी स्वतः कुंडीवर काढते ते चालेल का? – सिडको

जवळून बघ. हाताने काढलेल्या माणसांची दोन त्रिकोणांची अंगं एकासारखी एक नसतात, पांढरा रंग कुठे दाट कुठे विरळ, ठिपका कुठे लांबलेला. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करतात आणि तांदळाच्या पिठीत बुडवून काढतात, त्यामुळे रेघेच्या सुरुवातीला पीठ जास्त आणि शेवटी कमी असतं. छापील चित्रात सगळं सारखं. कापड असेल तर उलटून बघ.

मुळात हे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायचं चित्र, गेरूवर, चौकात पालघाट देवी, काढणाऱ्या सवाशिणी. कागदावर, कापडावर ते जगभर गेलं ते डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे. तू घरच्या कुंडीवर काढतेस तर मजेत काढ. विकायला लागलीस तर मात्र मला आवडणार नाही. पाड्यावरच्या मुलीकडून काढून घे आणि तिचं नाव त्या कुंडीवर तिलाच लिहू दे.

ताई, तांब्याचं पातेलं घेतलं तांबट काकांकडून. त्यात आमटी केली तर चालते का? मैत्रिणीने पैठणी पण घेतली, ती खरी का? – पंचवटी

आमटी नको. कल्हई नसेल तर चिंच, टोमॅटो, ताक असलं आंबट काहीही तांब्यात शिजवायचं नाही, ठेवायचं पण नाही, कळकतं आणि पोटाला बाधतं. साधं पाणी ठेवा. स्वयंपाक करायचा असेल तर कल्हई करून घ्या. भांडी बाजाराच्या बाजूला, तांबट लेनकडे विचारत गेलात तर करणारे अजून भेटतील. भांडं भट्टीवर चांगलं तापवतात, नवसागर टाकतात, पांढरा धूर निघतो, कथिलाची कांडी आत फिरवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात सगळीकडे फिरवली की भांडं चांदीसारखं होतं. मुलांना घेऊन जा बघायला, धुरापासून लांब उभं करा. आतून तांबडं दिसायला लागलं की परत करायची.

पैठणीचा पदर उलटा करून बघायला सांगा. हातमागावरच्या पदरात मोर, आसावलीची वेल हे सगळं छोट्या छोट्या तिल्ल्यांनी म्हणजे धाग्याच्या कांड्यांनी रंग बदलत विणलेलं असतं, म्हणून उलट बाजूलाही तशीच नक्षी दिसते, लोंबणारे धागे नसतात. मागे धाग्यांचं जाळं दिसलं तर ती मशीनची. किमतीवरूनही अंदाज येतो, दोन हजारात हाताची पैठणी येत नाही, कितीही गोड बोलून दिली तरी. शंका असेल तर येवला काही लांब नाही, जाऊन मागावरच बघा, दाखवतात.

ताई, मी शहरातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. पुढच्या वर्षी जत्रेला सहावीची सत्तर मुलं न्यायचा विचार आहे. काय काय दाखवावं? – नाशिक रोड

बाई, सत्तर एकदम नको. दोन दिवस असतात ना, दोन खेपा करा. सगळं दाखवायच्या मागे लागू नका, मुलं एका कारागिरासमोरून दुसऱ्यासमोर पळत राहतात आणि हाती काही लागत नाही. एकेका गटाला एकाच ठिकाणी तासभर बसवा. सहावीच्या हातांना सगळ्यात जमतं ते पत्रावळ टाचणं. पळसाचं पान देठाकडून धरायचं, दुसरं त्याच्यावर थोडं चढवायचं आणि बांबूच्या बारीक काडीने टाका घालून काडी मोडायची. पान फाटलं की मावशी हसतात आणि दुसरं देतात. ज्याने त्याने टाचलेल्या पत्रावळीवर दुपारी नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. आमटी गळाली तर कळतं पान कुठे कमी चढलं.

तारपावाल्या बाबांकडे मुलांना न्याल तेव्हा फुंकायला मागू देऊ नका. भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण, इतकं नाजूक असतं, एका जागी मेण निघालं की सूर जातो. त्यापेक्षा बाबा वाजवतात तेव्हा मुलांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून मागे नाचावं, ते कोणालाही चालतं.

शाळेच्या फीमधून प्रत्येक मुलामागे थोडे पैसे बाजूला काढून मुलांना तिथे स्वतः काहीतरी विकत घेऊ द्या, छोटी सुपली, बांबूची शिट्टी, काहीही. एसटीची बस आगारातून आधी बुक करावी लागते, डिसेंबरात सहलींमुळे मिळत नाही, दिवाळीच्या सुट्टीआधीच अर्ज टाका. आणि पाड्यावर कोणाशी तरी फोनवर बोलून ठेवा म्हणजे मावशी पानं आदल्या दिवशी काढून ठेवतील.